मामांची कातर

माझ्या यजमानांच्या मामांइतका ट्रंकांचा हाडवैरी मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. कुणाच्याही घरी गेलं की लोक आधी माणसांची चौकशी करतात. मामा आधी खाटेखाली वाकून बघायचे. तिथे कुलूप लावलेली ट्रंक दिसली की आत कुणी गुदमरत असल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. "काय काय कोंडलंय ह्यात?" असं ते घरच्या बाईला विचारायचे, आणि ती बिचारी लाजत "काय न्हाई वो, जुनंपानं" म्हणाली की झालंच. मामा तिथेच फतकल मारायचे. तासाभरात लेकाच्या बारशातली कुंची, लग्नातल्या मुंडावळ्या, माहेरून आलेल्या पहिल्या चोळीचा फाटका खण असं सगळं अंगणात उन्हाला पडलेलं असायचं आणि मामा आपल्या खाकी पिशवीतून कातर काढत असायचे. "ट्रंकेत ठिवलं म्हंजे पुरलं," असं त्यांचं म्हणणं. "माणसाला पुरत्यात त्ये मेल्यावर. ह्या वस्तू जित्या हायत की."

मामा कऱ्हाडच्या शेजारच्या मलकापूरचे. अंगाने सहा फूट, मिशा वर वळवलेल्या, आवाज असा की वाड्यावस्तीवरची कुत्री उठून उभी राहावीत. जवानीत पलटणीत गेले आणि स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या काश्मीरच्या लढाईत पायाला गोळी खाऊन आले. मग पुण्याला मिलिटरीच्या दवाखान्यात दहा महिने खाटेवर. तिथे केरळकडची एक नर्स होती. दिवसभर छताकडे बघून शिव्या देणाऱ्या जवानांच्या हातात तिने एके दिवशी सुईदोरा दिला. बाकीच्यांनी तो फेकून दिला, मामांनी ठेवून घेतला. "बंदुकीपरीस सुई अवघड," ते सांगायचे. "बंदूक चुकली तर दुसऱ्याला लागती. सुई चुकली की आपलंच बोट." दहा महिन्यांनी ते गावी परतले ते एक लंगडता पाय आणि सतरा प्रकारचे टाके घेऊन. पारावर बसून एवढा धिप्पाड गडी क्रोशाचा रुमाल विणतोय हे बघायला म्हणे सुरुवातीला शेजारच्या गावातून माणसं यायची. कुणीतरी म्हणालं, "आता मिशा तेवढ्या काढून टाका की पावनं." मामा मान वर न करता म्हणाले, "मिशीचंबी काढतो कायतरी. जरा वाढू दे." पुढच्याच वर्षी तोच माणूस लेकीच्या रुखवतासाठी मामांच्या दारात उभा होता.

त्यांचं स्वतःचं घर म्हणजे दोन खणांचं, मातीच्या भिंतींचं. पण आत शिरलेला माणूस लवकर बाहेर येत नसे. दाराला बांगड्यांच्या तुकड्यांचा पडदा. त्यातला कुठला तुकडा कुणाच्या हातातला, आणि ती बांगडी कशाने फुटली, हे मामा बोट ठेवून सांगायचे. "ही आमच्या धाकटीची, झाडावरनं पडली तवाची. ही मामीची, माझ्यावर तांब्या फेकला तवाची." गुळाच्या ढेपेच्या गोणपाटाचं जाजम. आणि सगळ्यात कळस म्हणजे, दवाखान्यात पायावरून कापून काढलेलं प्लॅस्टर त्यांनी डॉक्टरांकडून मागून आणलं होतं. त्याला निळा रंग देऊन, वर चमकीच्या वेली काढून, ते कोपऱ्यात उभं केलं होतं आणि त्यात मोराची पिसं खोचली होती. नवा पाहुणा "झकास फुलदाणी" म्हणाला की मामी आतून ओरडायची, "आवं, त्यांचा पाय हाय त्यो! मी जरा जास्त येळ झोपले तर मलाबी भितीला टांगत्याल!"

माझं लग्न जमलं तेही मामांमुळेच. मला बघायला मंडळी साताऱ्याला आमच्या घरी आली होती. बाकीच्यांनी रीतसर विचारलं, स्वयंपाक येतो का, शिक्षण किती. मामा एका कडेला बसले होते. त्यांनी विचारलं, "पोरी, तुझ्या आजीची एखादी वस्तू हाय का घरात?" मी गोंधळले. आत जाऊन आजीची फणेरपेटी घेऊन आले. आरसा तडकलेला, एक बिजागरी निखळलेली. माझी आई शरमेने लाल झाली. मामांनी पेटी मांडीवर घेऊन उघडली, मिटली, आतला कुंकवाचा वास घेतला आणि उठून उभे राहिले. "चला. पोरगी आपली. मोडकं टाकून देत न्हाई." माझ्या होणाऱ्या सासूबाई, म्हणजे मामांच्या थोरल्या बहीण, त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होत्या, पण सुपारी त्याच दिवशी फुटली.

चीनच्या लढाईनंतरच्या उन्हाळ्यात आमचं लग्न झालं आणि आम्ही सांगलीला, विश्रामबागेत दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं. यजमान कचेरीत कारकून. भिंती कोऱ्या, एक कॉट, एक स्टोव्ह, आणि माळ्यावर सासूबाईंचं सामान. सासूबाईंना आम्ही सुना आत्याबाई म्हणत असू. त्या निम्मं वर्ष आमच्याकडे, निम्मं वाळव्याकडच्या गावी. यजमान चार वर्षांचे असताना मामंजी, म्हणजे माझे सासरे, मोठ्या लढाईत ब्रह्मदेशात गेले ते परत आले नाहीत. त्या माणसाबद्दल आत्याबाई कधी एक अक्षर बोलत नसत. घरात त्यांचा फोटोही नव्हता. गावी मी एकदा विचारलं तर त्यांनी चुलीतलं लाकूड असं पुढे सारलं की पुन्हा विचारायची छाती झाली नाही.

त्या भाद्रपदात गौरीसाठी आत्याबाई गावी गेल्या आणि दोनच दिवसांनी मामा आमच्या दारात. "नव्या बिऱ्हाडाची भित अशी नागडी बघवत न्हाई," म्हणाले आणि चपला काढायच्या आत कामाला लागले. चार दिवसांत खोल्यांचं रूप पालटलं. चहाच्या खोक्याचं बैठं टेबल झालं, त्यावर माझ्या परकराची झालर. आजीच्या फणेरपेटीचं भिंतीवरचं कपाट झालं. यजमानांच्या शाळेतल्या पाटीच्या चौकटीत आमच्या मुंडावळ्या बसल्या. बाजारातून आणलेली वस्तू त्यांना चालत नसे. मी हौसेने नवं छापील कापड आणलं तर ते हातात घेऊन म्हणाले, "कुणाचं हाय हे?"

"दुकानातलं."

"मग दुकानदाराच्या घरात लाव."

पाचव्या दिवशी, सोमवारी, त्यांना जाड लोकरीचं कापड हवं होतं. दारासमोरच्या भिंतीवर मोठं चित्र करायचं त्यांच्या मनात होतं. मी शिडी लावून माळ्यावर चढले. मागच्या कोपऱ्यात, जुन्या लुगड्यात बांधलेलं एक बोचकं होतं. सोडून पाहिलं तर आत खाकी लोकरीचा जाड कोट, भोकाभोकांचा. मला वाटलं, पडलेला आहे कधीचा. मी तो खाली टाकला.

मामांनी तो झेलला आणि जागच्या जागी थांबले. कॉलरवरून अंगठा फिरवला. मग खिडकीपाशी जाऊन त्यांनी तो उन्हात धरला. कसरीने पाठीची चाळण केली होती. उन्हाचे बारीक ठिपके फरशीवर पडले. चहा केला तो तसाच निवून गेला. मग त्यांनी विचारलं, "आक्का कवा येणार हाय?"

"बेस्तरवारी."

त्यांनी मान हलवली, पिशवीतून कातर काढली आणि कोट पाठीच्या शिवणीवर उभा कापला. तो आवाज माझ्या अजून कानात आहे. कातर खाली ठेवून मग ते म्हणाले, "दाजींचा कोट हाय ह्यो."

मी भिंतीला टेकून खाली बसले. "मामंजींचा? मग कापलात कशाला?"

"शेवटच्या रजेला आलं तवा ठिवून गेलं. बर्मात उकडतंय, कोट काय करायचा म्हणालं." मामा माझ्याकडे बघत नव्हते. "आणि दोन पावसाळं गेलं असतं तर बटणं तेवढी ऱ्हायली असती, पोरी."

संध्याकाळी यजमान कचेरीतून आले. त्यांना सांगितलं तेव्हा ते टोपी हातात धरून तसेच उभे राहिले. वडिलांचा कोट घरात आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं. मग "शिवून टाका परत," असं ते मामांना तीन वेळा म्हणाले. मामांनी तीन वेळा नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी यजमानांनी कचेरीतून अर्धी रजा काढली आणि सांगलीचा जुना बाजार पालथा घातला, तसलाच दुसरा कोट मिळतोय का बघायला. मिळाला तो बँडवाल्याचा. खांद्यावर सोनेरी झुपके आणि छातीवर पितळी पिपाणी. तो घालून ते आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "लांबून बघितलं तर आईला कळायचं नाही." मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं. मामांनी मात्र वर पाहिलं नाही. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ते टाके घालत होते. कोटाच्या पाठीचा त्यातल्या त्यात शाबूत भाग त्यांनी ताणून घेतला होता. त्यावर गोणपाटाच्या दोऱ्याने शाळूचं पीक उभं केलं, जुन्या पातळाच्या तुकड्यांनी घर, दार, दारात हिरव्या लुगड्यातली बाई. बाईसमोरून एक वाट जात होती आणि वाटेवर कुणी नव्हतं. कोटाचा छातीवरचा खिसा तसाच्या तसा एका कोपऱ्यात ठेवला होता.

"मामंजी कुठे आहेत ह्यात?" मी विचारलं.

"दाजी म्हंजे हे सगळं कापडच की," मामा म्हणाले.

गुरुवारी दुपारी आत्याबाई आल्या. आम्ही चित्र भिंतीवर लावून त्यावर चादर टाकली होती. यजमान घरातल्या घरात येरझाऱ्या घालत होते. आत्याबाईंनी पाय धुतले, चहा घेतला, झालर बघितली, पाटीतल्या मुंडावळ्या बघितल्या. "बरं केलंया," एवढंच म्हणाल्या. मला क्षणभर वाटलं, आज राहू दे, उद्या सांगू. तेवढ्यात त्यांची नजर चादरीवर गेली. "आन् ह्ये काय झाकलंया?" कुणी काही बोलायच्या आत त्यांनी चादर ओढली.

त्यांनी हात पुढे करून त्या खिशाला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

"कुणी काढलं माळ्यावरनं?"

मी खाली पडलेली चादर उचलून तिची घडी घालू लागले. आणि मामा म्हणाले, "म्या."

आत्याबाईंनी त्यांच्याकडे, मग त्यांच्या आखडलेल्या पायाकडे पाहिलं. "ह्या पायानं? शिडीवर?"

"व्हय. ह्याच पायानं."

"त्यांचं म्हणून एवढंच होतं माझ्याजवळ," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्यामुळेच तो ऐकवत नव्हता. "मला दुसऱ्यांदा पांढऱ्या कपाळाची केलीस तू. आता माझ्या दारात पाय ठिवू नगंस." पुन्हा खालीही न टेकता त्या तशाच एस.टी. गाठायला निघाल्या. यजमान पिशवी घेऊन मागे धावले. मामा उंबऱ्यावर बसून राहिले. मग त्यांनी कातर, सुया, रीळ, उरलेल्या चिंध्या एकेक करून पिशवीत भरल्या आणि मला म्हणाले, "तू काय बोलू नगंस, पोरी. तुला तिच्यासंगट दिवस काढायचं हायत. मी काय, लांबचा हाय."

मी बोलले नाही. ही माझी लाज मी आजवर लपवली नाही, आज तरी कशाला लपवू? नवी सून होते, भ्याले. महिन्याभराने आत्याबाई परत आल्या. चित्र काढा असं त्या म्हणाल्या नाहीत. पण त्या भिंतीकडे पाठ करून बसायच्या, पाठ करून जेवायच्या. मामांचं नाव घरातून गेलं. मलकापूरहून मामीचा निरोप आला की त्यांनी सुई हातात धरणं सोडलंय, नुसते पारावर बसतात. त्या निरोपाने माझं जेवण तुटलं.

दिवाळीत, भाऊबीजेच्या सकाळी, आत्याबाई जात्याशी बसल्या होत्या. मी समोर जाऊन बसले आणि एका दमात सांगून टाकलं, "आत्याबाई, ते बोचकं मी काढलं. मामांनी नाही."

जातं थांबलं नाही. "म्हाईत हाय मला. त्या लंगड्याला शिडी चढता येती व्हय?"

"मग मामांशी बोलत का नाही?"

"त्यानं न इचारता कापलं म्हणून."

"विचारलं असतं तर दिला असतात?"

आता जातं थांबलं. "न्हाई," त्या म्हणाल्या. "न्हाई दिला असता." मग पदराने तोंड पुसून, अगदी हळू, "आन् कसरीनं खाल्ला असता."

मामांना कुणी बोलावलं नव्हतं. तरी दुपारी दारात लंगडत्या पावलांचा आवाज आला. धुतलेलं धोतर, मिशा खाली उतरलेल्या, खांद्याला पिशवी. उंबऱ्याबाहेरच थांबले. यजमान माझ्याकडे आणि मी आत्याबाईंकडे. आत्याबाई उठल्या, आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. मला वाटलं, त्या मागच्या दाराने शेजारी निघून जाणार. पण त्या पाट घेऊन आल्या आणि तो त्या चित्राखाली, भिंतीशी मांडला. "बस," म्हणाल्या. मामा आत आले, बसले. निरांजन पेटवलं. ताट हातात घेऊन त्या त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, पण ओवाळेनात.

"बाह्या कुठं हायत?" त्यांनी विचारलं. "भितीवर पाठ हाय, खिसा हाय. बाह्या न्हाईत."

मामांनी पिशवीत हात घातला आणि कोटाच्या दोन्ही बाह्या बाहेर काढल्या. शिवणीवर उसवलेल्या, घडी घातलेल्या, कातर न लागलेल्या.

"दाजींचं हात हायत, आक्का," ते म्हणाले. "कातर चाललीच न्हाई."

आत्याबाईंनी ताट माझ्या हातात दिलं आणि खाली बसल्या. त्यांनी त्या बाह्या घेतल्या, मांडीवर ठेवल्या, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याबद्दल बोलल्या. "लय लांब हात होतं त्यांचं," त्या म्हणाल्या. "बाही कायम आखूड पडायची." यजमान, एवढे मोठे कारकून, दाराआड तोंड फिरवून उभे राहिले. मग आत्याबाईंनी डोळे पुसून भावाला ओवाळलं आणि ओवाळता ओवाळता अर्धा तास त्यांना शिव्या दिल्या. मामा प्रत्येक शिवीला "व्हय आक्का" म्हणत होते आणि त्यांच्या मिशा हळूहळू वर येत होत्या.

त्यानंतर मामा आमच्याकडे सारखे येत. घराच्या भिंती पुरेनात. पण पाचसहा वर्षांत त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मिरजेला डोळे दाखवायचे म्हणून ते आमच्याकडेच राहायला आले. ऑपरेशनला अजून अवकाश होता आणि रिकामं बसणं त्यांना जमत नव्हतं. मग बहीणभाऊ दिवसभर खिडकीशी बसायचे. आत्याबाई सुईत दोरा ओवून द्यायच्या, मामा हाताने चाचपत टाके घालायचे. एक झाड काढत होते. एके दिवशी ते म्हणाले, "आक्का, पानं ऱ्हायली. हिरवा दे." हिरवा दोरा संपला होता. आत्याबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, शेजारी पडलेल्या माझ्या जुन्या तांबड्या साडीच्या काठातला एक धागा उसवला, सुईत ओवला आणि म्हणाल्या, "ह्यो घे हिरवा." मी काही बोलणार तोच त्यांनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मामांनी आठ दिवस खपून ते झाड लालभडक पानांनी भरून टाकलं. "कसं दिसतंय?" त्यांनी विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, "गार वाटतंय बघूनच."

ऑपरेशनची वेळ येण्याआधीच मामा गेले. ते झाड आमच्या बाहेरच्या खोलीत लावलंय. येणारा जाणारा थबकतो, हसतो, असलं कसलं हो झाड म्हणून विचारतो. आम्ही कुणी काही बोलायच्या आत आत्याबाई आपल्या जागेवरून ठणकावून सांगतात, "माझ्या भावानं लावलंय. आमच्याकडं असलीच झाडं असत्यात."